डावा अंगठा

निळ्या दिव्याच्या खोक्यात प्रतिभाने दोन्ही हात घातले, वरच्या भोकाला डोळा लावला, आणि तिचा डावा अंगठा तिला उजळलेला दिसला. उजवा हात पूर्ण काळा. डावा तळवा काळा, चार बोटं काळी, मनगट काळं. आणि त्या सगळ्या शिस्तीच्या काळोखात तो एकटा अंगठा, मुळापासून नखापर्यंत, मोरचुदाच्या रंगाचा. खोकं बुटांचं होतं. आतून काळा कागद चिकटवलेला, एका बाजूला हात घालायला दोन भोकं आणि वर बघायला एक. नाशिकहून प्रशिक्षण द्यायला आलेला डॉ. भाग्येश ते मोटरसायकलच्या डिकीत घालून गावोगाव हिंडवत असे. रीत साधी होती. हातांना एक पांढरं मलम चोळायचं, मग रोज धुतो तसे हात धुवायचे. जिथे साबण पोचला नाही तिथलं मलम निळ्या उजेडात चमकतं. नवजात बाळांच्या कक्षातला सगळा स्टाफ बेसिनपासून दारापर्यंत रांगेत उभा होता आणि इनचार्ज सिस्टर म्हणून पहिला मान प्रतिभाचा होता. उद्घाटनात नारळ ज्याच्या हाती देतात तसा. भाग्येशनेही वाकून पाहिलं. मग पंगतीत शेजाऱ्याच्या मिशीला वरण लागलंय हे सांगावं तितक्या हळू आवाजात तो म्हणाला, "मॅडम, अंगठा."

"मलम जास्त लागलं असेल," प्रतिभा म्हणाली.

तिने पुन्हा मलम लावलं, पुन्हा हात धुतले, या वेळी घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट. पुन्हा खोकं. पुन्हा अंगठा. भाग्येश तिच्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. "होतं मॅडम, सवय असते हाताला," असं म्हणून त्याने मागच्या नर्सला, गायत्रीला, पुढे बोलावलं. भोकातून एका वेळी एकालाच दिसतं ही त्या खोक्याची फार मोठी सोय होती. गायत्रीने विचारलं, "मॅडम, तुमचं क्लीन ना?" आणि प्रतिभाने मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, हे मानेलाही नीट ठाऊक नव्हतं.

चोवीस वर्षं ती बाळांत काम करत होती. त्यातली अकरा या ट्रस्टच्या हॉस्पिटलात, बायपासच्या कडेला, जिथे माघ महिन्यात खिडकी उघडली की मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्यांचा खाट आत येतो आणि नवा डॉक्टर पहिले आठ दिवस शिंकत राऊंड घेतो. बेसिनवरचा हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा तक्ता तिनेच लावला होता. नवीन पोरींना तीच शिकवी: तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, मूठ, अंगठा, नखं. ‘अंगठा’ म्हणताना तिचा आवाज जराही खाली येत नसे. नळ कोपराने उघडायचा होता, पण त्याची लांब दांडी दोन पावसाळ्यांपूर्वी मोडली आणि तिच्या जागी साधा कान बसला, त्यामुळे धुतलेल्या हाताने न धुतलेला नळ बंद करावा लागे. त्याबद्दल तिने पत्र दिलं होतं. पत्राला आवक क्रमांक मिळाला होता. शिवाय कोणी किती वेळा हात धुतले याचा तक्ता असे. तो रोज भरायचा. प्रतिभा महिन्याच्या शेवटच्या दिवशी एका बैठकीत भरी, थोडा निळ्या पेनाने, थोडा काळ्या, म्हणजे रोजच्यासारखा दिसतो. टक्के सत्त्याण्णव. शंभर लिहिले तर वर संशय येतो आणि नव्वदच्या खाली गेले तर प्रशिक्षण लागतं. या वर्षी सत्त्याण्णव असूनही प्रशिक्षण लागलं, कारण प्रशिक्षणाचंही वर्षाचं उद्दिष्ट असतं.

रांग सरकत होती. कुणाची नखं चमकली, कुणाची अंगठीखालची जागा. डॉ. दिनेश, कक्षाचे बालरोगतज्ज्ञ, यांचे दोन्ही तळवे असे उजळले की भाग्येशने "सर, छान" एवढंच म्हटलं. आणि तेवढ्यात कपड्यांच्या खोलीतली आया धनुबाई धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन दारात आली. गायत्री हसून म्हणाली, "धनुबाई, तुम्हीपण घाला ना हात, तुमचा फोटो काढू." धनुबाईला नवजात कक्षाचा उंबरा ओलांडायची मनाई होती. तिने प्रतिभाकडे पाहिलं. मग धनुबाईने दारातच मलम लावून घेतलं, बाहेरच्या कॉरिडॉरच्या नळावर हात धुऊन आली आणि भाग्येशने खोकं उंबऱ्यापाशी नेलं. त्याने भोकातून पाहिलं. खोकं हलवलं. वायर चाचपली. "लाइट गेली का?" लाइट होती. त्याने प्रतिभाला खूण केली. तिने डोळा लावला. आत काही नव्हतं. दोन हात होते म्हणायचे, एवढंच. विहिरीत बघावं तसा काळोख, कुठे ठिपका नाही, नखांच्या कडांना नाही, बेचक्यांत नाही. "मावशी, कुठे शिकलात?" भाग्येशने विचारलं. धनुबाईने हात पदराला पुसले, चादरी उचलल्या आणि म्हणाली, "शिकसू कथं, डॉक्टर? आठे तं माले येऊ देतस नई."

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते.

मागच्या वर्षीच्या पौषात याच कक्षात तीन बाळांना एका आठवड्यात जंतुसंसर्ग झाला. दोन वाचली. तिसरं अकराशे ग्रॅमचं होतं, धडगावकडच्या एका पाड्यातलं, सहाव्या दिवशी गेलं. रक्ताच्या तपासणीत निघालेला जंतू माणसांच्या हातांवर राहणारा होता. चौकशी समिती बसली. प्रतिभा तिची सदस्य-सचिव. समिती दोन वेळा चहा प्यायली आणि तिसऱ्या बैठकीत तिला धनुबाईची नखं सापडली. धनुबाई ठेकेदारामार्फत लागलेली आया; सकाळची ड्यूटी संपली की बायपासपलीकडे पथारीवर मिरच्यांचे देठ खुडायला जाई. नखं लाल. लाल म्हणजे घाण, याला पुरावा लागला नाही. ‘सदर कर्मचारी हातांच्या स्वच्छतेबाबत निष्काळजी असल्याचे दिसून येते’ हे वाक्य प्रतिभाने लिहिलं होतं आणि ते लिहिताना तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं. समितीतल्या सगळ्यांनाच बरं वाटलं. धनुबाईला नोटीस मिळाली, ती कपड्यांच्या खोलीत गेली, आणि कक्ष पुन्हा सत्त्याण्णव टक्क्यांवर आला.

पण आता अंगठा कोटाच्या खिशात मुठीत धरून नर्सिंग स्टेशनच्या खुर्चीवर बसलेल्या प्रतिभाला समिती आठवत नव्हती. त्या बाळाचा बाप आठवत होता. त्याचं नाव बाज्या. सहा दिवस ती त्याच्यावर ओरडली होती: हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही, त्या चित्रात आहे तसे धुवायचे. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून तो चित्रं बघत बघत धुवायचा; एक चित्र, मग मान वर, मग दुसरं चित्र. सातव्या सकाळी तिने कापडात गुंडाळलेलं बाळ त्याच्यापुढे धरलं तेव्हा त्याने हात पुढे केले आणि मागे घेतले. म्हणाला, "सिस्टर, आता घ्यायचं तर हात धुवायचे का?" ती म्हणाली, नको. पण तो बेसिनशी गेला. तळवे. मागची बाजू. बेचक्या. मूठ. मग डावा अंगठा उजव्या मुठीत धरून गोल, मग उजवा अंगठा डाव्या मुठीत. ती बाळ धरून उभी होती. तिला घाई झाली होती, कागद करायचे होते. ते बाळ तिने त्या सहा दिवसांत किती वेळा उचललं असेल? रात्रपाळी सोडून रोज चार-पाच वेळा. सुई लावताना डोकं धरायचं ते डाव्या हाताने. डोकं एवढंसं की चार बोटं मागे आणि अंगठा कपाळावर येतो.

"सिस्टर, तो धनुबाईचा फॉर्म?" ऑफिसातला बन्सीलाल दारात उभा होता. करार मार्चअखेर संपतात. आयांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही यावर इनचार्जचा अभिप्राय लागतो. फॉर्म आठ दिवस तिच्या खणात होता. ‘काम करण्यास योग्य / अयोग्य’ आणि खाली शेऱ्याला दोन ओळी. मागच्या वर्षी नोटीस मिळालेल्याला योग्य लिहिलं तर वर विचारणा होते. अयोग्य लिहिलं तर बाई पथारीवर जाते, कायमची. "पाचपर्यंत पाठवायचे सगळे," बन्सीलाल म्हणाला. "तिचं काय, अयोग्यच ना? मी टाइप करून ठेवू?"

"उद्या सकाळी देते."

"उद्या?" बन्सीलालला अकरा वर्षांत ती एकदाही उशिरा सापडली नव्हती. त्याने तिच्याकडे अशा काळजीने पाहिलं की तिला वाटलं, कोटाच्या खिशातूनही उजेड बाहेर येतोय.

कपड्यांची खोली जिन्याखाली होती. धनुबाई लंगोटांच्या घड्या घालत बसली होती. प्रतिभा दारात उभी राहिली आणि नेहमीचं कार्यालयीन मराठी तोंडात आलं नाही. आलं ते घरचंच. "धनुबाई, तुम्ही हात कशा धवतस?"

"दखा, आते हाई पन गुन्हा झाया का?"

"नई वं. सांगा तं."

धनुबाईने घडी खाली ठेवली आणि हवेतच हात धुऊन दाखवले, अंगठा मुठीत पिळत. "पह्यले तेल. मिरची पानीले घाबरत नई, तेलले घाबरस. मंग राख, मंग साबन. अंगठा मुठमा धरीसन असा पियना पडस, नईतं अंगठामाच ऱ्हाई जास ती. मन्ही नात शे, दोन सालनी. मी घर गऊ का पयत येस, मन्हा हात धरस आनि सोताना डोयाले लावस, लाड म्हनीसन. एक डाव तिन्हा डोया दोन दिन उघडना नई. तैपासून मी पह्यले मन्हा डोयाले लावस. झोंबनं तं परत धवस. नई झोंबनं तं मंग पोरले उचलस." तिने लंगोट पुन्हा उचलला आणि म्हणाली, "आठेबी तसंच करू मी. बाळले उचलानं पह्यले डोयाले बोट लावू. तुम्ही एक डाव दखं व्हतं. तुम्ही सांगं, डोयाले हात लावू नका, जंतू जातस."

हे खरं होतं. प्रतिभाने सांगितलं होतं, आणि नोटिशीत ‘वारंवार डोळ्यांना हात लावते’ असंही एक वाक्य होतं. तिने विचारलं, "मंग तव्हय काब्र नई सांगं?"

"कोनले सांगू? समितीले?" धनुबाईने लंगोट झटकला. "समिती च्या पी ऱ्हायंती."

संध्याकाळी घरी जाताना प्रतिभाने स्कूटर मुद्दाम पथारीच्या बाजूने घेतली. मैदानभर लाल पसरलं होतं आणि त्यात बायका उकिडव्या बसल्या होत्या, तोंडाला फडकी बांधून, मिरची उजव्या हातात, देठ डाव्या अंगठ्याच्या नखाने उडवायचा, टक, पुढची. तो आवाज तिला स्कूटरवरून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण आला. नववीपर्यंत ती आणि तिची आई अशाच बसत. देठ खुडणाऱ्याचा डावा अंगठा आधी लाल होतो, मग नखाची कड उकलते, मग त्या चिरेत मिरची बसते आणि पाणी लागलं की माणूस ओरडतं. आईने तिला शिकवलं होतं: हात धुवायचे तेव्हा हा अंगठा वर ठेव, उभा, चार बोटं धू, तळवा धू, अंगठा वाचव. जेवायला बसायच्या आधी रांजणाशी दोघी मायलेकी तशा उभ्या राहत, डावे अंगठे वर करून. मग ती नर्सिंगला गेली, जळगावला. अंगठा बरा झाला, नख सरळ आलं, आई गेली, तीस वर्षं झाली. हाताला मात्र कोणी कळवलं नव्हतं. तो पाण्याखाली गेला की अंगठा वर करीत होता, अकराशे ग्रॅमच्या बाळांच्या आधी आणि नंतर, सत्त्याण्णव टक्के वेळा. आणि विचित्र म्हणजे तिला आईचा राग आला नाही. तिला एवढंच वाटलं की आईने शिकवलेली एक गोष्ट तरी आपण शेवटपर्यंत पाळली.

स्वयंपाकघरात तिने डब्यातल्या चार सुक्या मिरच्या काढल्या, दोन्ही हातांत चुरल्या, बोटांत, बेचक्यांत, अंगठ्यांना नीट फासल्या. मग कपाटातलं गोडेतेल, मग साबण. नळाखाली ती रोज धुते तसेच हात धुवत होती, मुद्दाम लक्ष न देता, नजर समोरच्या कॅलेंडरवर ठेवून. हात कोरडे केले. उजव्या हाताचं एकेक बोट डोळ्याच्या पापणीला लावलं. काही नाही. डाव्याची तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. काही नाही. मग अंगठा.

तिचा नवरा हेमकांत बाहेर बातम्या बघत होता. आत भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून तो उठून आला, तर बायको ओट्याला धरून उभी, डावा डोळा गच्च मिटलेला आणि गालावरून पाणी हनुवटीपर्यंत. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने तिला सासरे गेले तेव्हाच काय ते रडताना पाहिलं होतं.

"काय व्हयनं? कोनी गयं का?"

"हां."

तो खुर्चीवर टेकला. "कोन?"

"बाज्यानं पोर."

"कोन बाज्या? आपला गावना?"

"नई. धडगावकडना."

"कव्हय?"

"मांगला पौषमा."

हेमकांतने थोडा वेळ हिशेब जुळवायचा प्रयत्न केला. वर्ष होऊन गेलं होतं. "मंग आते रडी ऱ्हायनी?"

"रडी नई ऱ्हायनू," प्रतिभा म्हणाली. "मिरची शे."

त्याने फ्रिजमधून दूध काढून दिलं, कापूस दिला, आणि आपल्याला न कळणाऱ्या गोष्टींत पुरुषाने जे करावं ते केलं, म्हणजे टीव्हीचा आवाज कमी केला. फॉर्म तिने तिथेच, ओट्यावर ठेवून, एका डोळ्याने भरला. ‘अयोग्य’वर काट. शेऱ्याच्या दोन ओळींत तिने लिहिलं: ‘मागील वर्षीची नोटीस चुकीच्या व्यक्तीस दिली गेली. ती मी दिली. दि. ११ रोजी तपासणीत सदर कर्मचाऱ्याचे हात निर्दोष आढळले. माझा डावा अंगठा आढळला नाही. मागील पौषातील बाळांना मीही हाताळले होते.’ दोन ओळी संपून तीन झाल्या होत्या. माझा अंगठा आढळला नाही, हे वाचायला विचित्र वाटत होतं, जसा काही तो हरवलाय. पण तिने ते तसंच ठेवलं.

सकाळी बन्सीलालने फॉर्म वाचला. दोनदा वाचला. मग उठून दार लावलं. "सिस्टर, हे कोणी विचारलंय का तुम्हाला? यात फक्त योग्य-अयोग्य हवं असतं. हा शेरा गेला तर तुमच्यावरच समिती बसेल."

"बसू दे."

"अहो, पण सचिव तुम्हीच असता समितीच्या!"

"मग या वेळी दुसरा बघा," ती म्हणाली. "आणि आवक क्रमांक टाका. नळाच्या पत्राला टाकला होता तसा."

डोळा अजून सुजलेला होता. गायत्रीने विचारलं, काय झालं, आणि प्रतिभाने ते स्टेशनपाशी उभं राहून सगळ्या नर्सांना सांगितलं: खोकं, अंगठा, आई, पथारी, बाज्या. सांगायला चार मिनिटं लागली. कोणी हसलं नाही. एकीने हळूच स्वतःची अंगठी काढून पर्समध्ये टाकली. मग बाळांना ऊब देणाऱ्या पाच नंबरच्या वॉर्मरचा गजर वाजला आणि सगळ्या पांगल्या. धनुबाईला अजून वरून कोणाची परवानगी आली नव्हती. ती येईपर्यंत चादरी उंबऱ्यापर्यंतच येणार होत्या.

पाच नंबरचं बाळ फुलीबाईचं. अक्राणीच्या डोंगरातली पोर, वय विशीच्या आत-बाहेर. घरी पावरी बोलते, मराठीतलं ‘दूध’, ‘वजन’ आणि ‘हात धू’ एवढं तिला आता येतं. अकरा दिवस ती वॉर्मरशेजारच्या स्टुलावर बसून आहे. बोलायला कोणी नाही, वाचायला येत नाही, मोबाइलला रेंज नाही. बघण्यासारखे कक्षात फक्त हात. प्रतिभा बेसिनकडे गेली. नळ उघडला. काल रात्री आरशासमोर तिने वीस वेळा सराव केला होता, मूठ आणि अंगठा, मूठ आणि अंगठा. साबण घेतला. गजर वाजत होता, बाळाची नळी बघायला हवी होती, संध्याकाळी राऊंडला डॉ. दिनेशना काय सांगायचं हे मनात जुळत होतं. तळवे, मागची बाजू, बेचक्या, नखं. कागदाच्या तुकड्याने नळ बंद केला आणि ती वॉर्मरकडे वळली.

फुलीबाई स्टुलावरून उठून मध्ये उभी होती. ओरडून घ्यायची सवय झालेल्या माणसाची मान असते तशी तिची मान खाली होती. पण ती हलली नाही. तिने आपला डावा अंगठा उजव्या मुठीत धरला आणि पिळल्यासारखा गोल फिरवून दाखवला, एकदा, मग पुन्हा एकदा, हळू, कमी समजणाऱ्याला दाखवतात तसं.

प्रतिभाने आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठा वर होता, कोरडा.

ती परत बेसिनकडे गेली.